हरलेल्यांची मते

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात न्यू हॅम्पशायर नावाचे छोटे राज्य आहे आणि त्या राज्यात युनिटी नावाचे गाव आहे. वस्ती दीड-पावणेदोन हजारांची. जानेवारी २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली, तेव्हा या गावाने हिलरी क्लिंटन यांना १०७ मते दिली आणि बराक ओबामा यांनाही बरोबर १०७. पुढे जूनमध्ये क्लिंटन यांनी माघार घेतली आणि दोघांनी एकत्र सभा घ्यायचे ठरले. सभेसाठी हेच गाव निवडले गेले. गावाच्या नावाचा अर्थच एकी, आणि मतेही समसमान. २७ जून २००८ रोजी दोघे तिथल्या व्यासपीठावर शेजारी शेजारी उभे राहिले आणि ते छायाचित्र जगभर छापून आले.

मला त्या छायाचित्रापेक्षा आदल्या दिवशी जे घडले ते महत्त्वाचे वाटते. वॉशिंग्टनमधल्या मेफ्लॉवर हॉटेलात क्लिंटन यांचे मोठे देणगीदार जमले होते. महिनोन् महिने त्यांनी पैसा उभा केला होता, ओळखीपाळखीच्या लोकांपुढे शब्द टाकले होते, आणि आता ते सगळे वाया गेले होते. शिवाय क्लिंटन यांच्या प्रचारावर दोन कोटी डॉलरहून अधिक कर्ज चढले होते. ओबामा त्या बैठकीला गेले, हे कर्ज फेडायला मदत करा असे आपल्या माणसांना सांगितल्याचे त्यांनी तिथे जाहीर केले, आणि स्वतःच्या खिशातून २,३०० डॉलरचा चेक दिला. पत्नी मिशेल यांच्यातर्फेही तेवढाच. एका माणसाला त्या वेळी कायद्याने तेवढीच रक्कम देता येत होती. एवढ्या मोठ्या कर्जात दोन चेकांनी काहीच हलणार नव्हते, हे त्या दालनातल्या प्रत्येकाला कळत होते. तरीही त्या चेकांना अर्थ होता. हरलेल्या बाईंचे ओझे जिंकलेल्याने आपल्या घरचे मानले होते. आधी चेक, मग व्यासपीठ, हा क्रम ध्यानात ठेवावा.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा प्रकार थोडा परका वाटेल, म्हणून आधी प्रायमरी म्हणजे काय ते पाहू. महाराष्ट्रात विधानसभेचे तिकीट कोणाला मिळणार हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. यादी जाहीर होते, मग ज्यांचे नाव नसते ते रुसतात, काही बंडखोरी करतात, काहींची अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मनधरणी चालते. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार कोण हे सामान्य मतदार ठरवतो. साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून जूनपर्यंत एकामागून एक राज्यात पक्षांतर्गत मतदान होते. कुठे मतपेटीतून, म्हणजे प्रायमरी. कुठे गावसभेसारखे जमून, म्हणजे कॉकस. या मतांवरून, त्या त्या पक्षाच्या आणि राज्याच्या नियमांनुसार, उमेदवारांच्या नावावर प्रतिनिधी जमा होतात. उन्हाळ्यात पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरते, तिथे निम्म्याहून अधिक प्रतिनिधी ज्याच्या मागे, तो उमेदवार. हरलेल्याला दुसऱ्या चिन्हावर उभे राहण्याची वाट सहसा बंद असते. बहुतेक राज्यांत प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत वेगळ्या नावाने उभे राहू न देणारे कायदे आहेत. अध्यक्षपदाला ते कितपत लागू होतात हे राज्यागणिक बदलते, पण चाल तशीच पडली आहे. म्हणजे नाराज माणूस बाहेर पडून लढत नाही. तो घरी बसतो, आणि त्याच्याबरोबर त्याचे मतदारही घरी बसतात.

आता मैदानात दोन उमेदवार असतील तर जिंकणारा निम्म्याहून अधिक मतांनी जिंकतो. पण पंधरा-वीस जण उतरले की गणित फिरते. तेव्हा कोणी २५ टक्के घेऊन पुढे जातो, कोणी ३०. विजयाच्या रात्री ढोल-ताशे वाजतात, पण त्या आवाजाखाली एक साधी गोष्ट दडलेली असते: आपल्याच पक्षातल्या बहुसंख्य लोकांनी आपल्याला मत दिलेले नाही. एकीचा प्रश्न इथून सुरू होतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गर्दीच्या शर्यतीतून आलेला जो उमेदवार हे वाक्य पाठ करून वागतो, त्याच्यामागे पक्ष उभा राहण्याची शक्यता वाढते. आणि वागणे म्हणजे भाषण नव्हे. हरलेल्याच्या हातात मोजता येईल असे काहीतरी पडावे लागते. पद, पैसा, जाहीरनाम्यातला परिच्छेद, अधिवेशनातल्या खुर्च्या.

हे गणित किती टोकाला जाते याचे एक उदाहरण आपल्या जवळच्या माणसाचे आहे. चिकोडीत जन्मलेले, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ साली मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट परिसरातून अमेरिकी काँग्रेससाठी उभे राहिले. डेमोक्रॅटिक प्रायमरीत नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. उरलेली ७२ टक्के मते इतर आठ जणांत वाटली गेली होती, आणि त्यामागे नुसती आकड्यांची विभागणी नव्हती, एक खरी सल होती: जवळपास सात दशकांत प्रथमच डेट्रॉइटला काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरणार नव्हता. नोव्हेंबरमध्ये त्याच मतदारसंघाने ठाणेदारांना ७० टक्क्यांहून अधिक मते दिली. मतदारसंघ पक्का डेमोक्रॅटिक होता म्हणून हे निभावले. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत असा पक्का मतदारसंघ नसतो.

तिथे काय होते हे पाहायचे तर १९७२ सालाकडे जावे लागते. मला वाटते, पक्ष कसा फुटतो हे शिकायला याहून चांगले वर्ष नाही.

त्या वर्षीची बीजे १९६८ मध्ये पेरली गेली होती. त्या साली ह्यूबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता, पुढाऱ्यांच्या बळावर डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या तरुणांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष हरला. मग उमेदवार निवडण्याचे नियम बदलायला एक आयोग नेमला गेला. त्याचे पहिले अध्यक्ष होते साउथ डकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न. प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या बंद खोलीतून काढून मतदारांकडे द्यायचा, स्त्रिया, तरुण आणि कृष्णवर्णीय यांना वाजवी वाटा द्यायचा, असे त्या आयोगाने ठरवले. मागणी न्याय्यच होती. पण १९७२ मध्ये हे नवे नियम पहिल्यांदा पूर्णपणे लागू झाले तेव्हा दार सगळ्यांना उघडे झाले होते, आणि सगळेच आत आले.

एडमंड मस्की, हम्फ्री, मॅकगव्हर्न, हेन्री जॅक्सन, न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे, अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस, काँग्रेसमध्ये निवडून गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री शर्ली चिझम, आणि आणखी कितीतरी. मस्की आघाडीवर मानले जात होते. फेब्रुवारीत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर शहरात एका वृत्तपत्राच्या कचेरीसमोर, भर बर्फात, पत्नीवर झालेल्या चिखलफेकीला उत्तर देताना त्यांचा आवाज दाटून आला. ते रडले अशा बातम्या छापल्या गेल्या आणि त्यांची घसरण सुरू झाली. १५ मे रोजी मेरीलँडमध्ये वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे झाले. वॉलेस हे वर्णभेदाचे उघड समर्थक म्हणून गाजलेले. तरी चिझम त्यांना भेटायला रुग्णालयात गेल्या. चिझम यांच्याच समर्थकांना ते मुळीच रुचले नाही. चिझम यांनी पुढे सांगितले की घरकाम करणाऱ्या बायकांना किमान वेतनाचा हक्क मिळवून देताना वॉलेस यांनी दक्षिणेतल्या खासदारांची मते जमवायला मदत केली. त्या सबंध वर्षात पक्षातल्या दोन टोकांमध्ये खरी एकी झाली असेल तर ती या एका खाटेशेजारी झाली, असे मला वाटते, आणि तिचा उमेदवारीशी काही संबंध नव्हता.

प्रायमरी संपल्या तेव्हा एकूण मतांत हम्फ्री आणि मॅकगव्हर्न यांच्या वाट्याला प्रत्येकी पाव हिस्सा आला होता, हम्फ्रींना किंचित जास्त. वॉलेस फार मागे नव्हते. म्हणजे चारातल्या तीन मतदारांनी मॅकगव्हर्न यांना मत दिले नव्हते. तरी प्रतिनिधी त्यांच्याकडे सर्वाधिक होते, कारण कॉकस आणि नवे नियम त्यांच्या माणसांना तोंडपाठ होते, आणि कॅलिफोर्नियात जिंकणाऱ्याला सगळेच्या सगळे २७१ प्रतिनिधी मिळत होते. तिथे ते पाच टक्क्यांच्या फरकाने जिंकले. इथे इतर उमेदवार एकवटले, पण मॅकगव्हर्न यांच्यामागे नव्हे, त्यांच्या विरोधात. मॅकगव्हर्न सोडून कोणीही चालेल, अशी आघाडीच उभी राहिली. निकालानंतर नियमच बदलून त्यांचे कॅलिफोर्नियातले १५१ प्रतिनिधी काढून घ्यायचा घाट घातला गेला आणि पक्षाच्या एका समितीने तो मंजूरही केला. खेळ संपल्यावर नियम बदलणे हा अन्याय होता, याबद्दल मला शंका नाही. मायामी बीचच्या अधिवेशनात तो निर्णय फिरवून मॅकगव्हर्न यांनी उमेदवारी राखली.

पण जिंकल्यावर त्यांच्या बाजूने काय केले? शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांचा ५९ प्रतिनिधींचा गट नव्या नियमांत बसत नव्हता, म्हणून अधिवेशनातून काढून टाकला आणि तिथे सुधारणावाद्यांचा गट बसवला. नियमाने ते बरोबर होते. डेली यांनी १९६८ मध्ये जे केले ते पाहता कोणाला त्यांचा कळवळाही येणार नाही. तरीपण इलिनॉय राज्य जिंकायचे तर डेली यांची यंत्रणा लागत होती, आणि तिच्या म्होरक्याला भर मांडवातून उठवले गेले होते. कामगार संघटनांचे बुजुर्ग नेते जॉर्ज मीनी आधीच चिडलेले होते. अधिवेशनानंतर आठवडाभरात त्यांच्या महासंघाने कोणालाच पाठिंबा द्यायचा नाही असे ठरवले. १९५५ साली तो महासंघ स्थापन झाल्यापासून असे प्रथमच घडत होते.

ते अधिवेशन इतके अस्ताव्यस्त झाले होते की उपाध्यक्षपदासाठी सत्तरहून अधिक नावांना मते पडली आणि मॅकगव्हर्न स्वीकाराचे भाषण करायला उभे राहिले तेव्हा पहाटेचे पावणेतीन वाजत आले होते. देश झोपला होता. उपाध्यक्षपदाचे उमेदवार टॉमस ईगल्टन यांच्यावर पूर्वी नैराश्यासाठी विजेचे उपचार झाले होते हे थोड्याच दिवसांत उघड झाले. मॅकगव्हर्न यांनी आधी त्यांना ठाम पाठिंबा दिला आणि मग ३१ जुलैला त्यांना बाजूला व्हावे लागले. पुढची घटना मला सर्वांत बोलकी वाटते. रिकाम्या जागेसाठी मॅकगव्हर्न यांनी एकेकाला विचारले. एडवर्ड केनेडी नाही म्हणाले. हम्फ्री नाही म्हणाले. मस्कीही नाही म्हणाले. ज्यांना हरवून ते इथवर आले होते, त्यांतला कोणीही त्यांच्या बाजूच्या पाटावर बसायला तयार नव्हता. अखेर केनेडींचे मेहुणे सार्जंट श्रायव्हर तयार झाले.

आणि शब्दही परत फिरले. कॅलिफोर्नियातल्या वादसभांत हम्फ्री यांनी मॅकगव्हर्न यांच्या संरक्षणखर्च कमी करण्याच्या योजनेवर झोड उठवली होती. ही नुसती चरबी काढणे नव्हे, देशाच्या सुरक्षिततेवरच घाव आहे, अशा आशयाचे ते बोलले होते. शरद ऋतूत रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांच्या बाजूने एक जाहिरात टीव्हीवर झळकली. टेबलावर खेळण्यातले सैनिक मांडलेले, एक हात येतो आणि त्यांना बाजूला सारतो. आणि त्यावर हम्फ्री यांचे तेच शब्द, त्यांचे नाव घेऊन. घरातल्या भांडणात उगारलेले हत्यार शेजाऱ्याने उचलले होते. ही जाहिरात देणाऱ्या गटाचे नावच ‘निक्सनसाठी डेमोक्रॅट’ असे होते आणि त्याचे प्रमुख होते टेक्सासचे माजी डेमोक्रॅटिक गव्हर्नर जॉन कॉनली. नोव्हेंबरमध्ये साधारण एक तृतीयांश डेमोक्रॅटिक मतदारांनी निक्सन यांना मत दिले. निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. मॅकगव्हर्न यांच्या हाती मॅसॅच्युसेट्स आणि राजधानीचा जिल्हा एवढेच राहिले. स्वतःचे साउथ डकोटासुद्धा गेले. निक्सन यांची लोकप्रियता, सुधारलेली अर्थव्यवस्था, व्हिएतनाममधून परतणारे सैनिक, ही कारणे होतीच. एकदिलाचा पक्षही कदाचित हरला असता. इतका हरला नसता.

२०१६ चे रिपब्लिकन पक्षाचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे कोणालाही प्रथम वाटेल, म्हणून ते टाळून चालणार नाही. १७ उमेदवार होते. ६ ऑगस्ट २०१५ रोजी क्लीव्हलँडमधल्या बास्केटबॉलच्या मोठ्या बंदिस्त मैदानात पहिली वादसभा झाली. पहिलाच प्रश्न एकीचा होता: जो कोणी उमेदवार होईल त्याला पाठिंबा देण्याचे आणि अपक्ष न लढण्याचे वचन आज द्यायला कोण तयार नाही, त्याने हात वर करावा. दहा जणांत एकच हात वर गेला, डोनाल्ड ट्रम्प यांचा. पुढे सप्टेंबरमध्ये त्यांनी त्या वचनपत्रावर सही केली. मार्चअखेर ते, टेड क्रूझ आणि जॉन कॅसिक असे उरलेले तिघेही त्या वचनातून मागे सरकले. कागदावरची एकी अशी असते. गर्दीचा फायदा मात्र ट्रम्प यांना भरभरून झाला. साउथ कॅरोलायनात त्यांना ३२.५ टक्के मते पडली आणि तिथल्या नियमानुसार ५० च्या ५० प्रतिनिधी मिळाले. विरोधातली दोन तृतीयांश मते पाच जणांत विखुरली आणि शून्य झाली. प्रत्येकजण दुसऱ्याने आधी बाहेर पडावे म्हणून थांबला होता.

जुलै २०१६ मध्ये त्याच क्लीव्हलँडच्या त्याच मैदानात अधिवेशन भरले. ट्रम्प यांनी क्रूझ यांच्या पत्नीच्या दिसण्यावरून आणि वडिलांच्या पूर्वायुष्यावरून वाट्टेल ते बोलून घेतले होते. क्रूझ भाषणाला उभे राहिले, सदसद्विवेकाला स्मरून मत द्या म्हणाले, आणि पाठिंब्याचा शब्द न काढता खाली उतरले. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. यजमान राज्याचे गव्हर्नर कॅसिक त्या सभागृहात फिरकलेसुद्धा नाहीत. हे एकीचे चित्र नव्हते. तरी नोव्हेंबरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास रिपब्लिकन मतदार ट्रम्प यांच्यामागे होते.

दुसऱ्या पक्षाबद्दलचा तिटकारा हे त्याचे मोठे कारण, आणि तो १९७२ च्या मानाने कैक पटींनी वाढला आहे. पण बारकाईने पाहिले तर इथेही हातात काहीतरी पडले होतेच. फेब्रुवारीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले आणि सर्वोच्च न्यायालयात जागा रिकामी झाली. मे महिन्यात ट्रम्प यांनी ११ नावांची यादी जाहीर केली, जागा भरताना यातूनच नाव घेईन म्हणून. पक्षातल्या धार्मिक, परंपरावादी मतदारांना ट्रम्प पसंत नव्हते. यादी पसंत होती. जुलैत त्यांनी उपाध्यक्षपदासाठी इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांना निवडले, ज्यांनी प्रायमरीत क्रूझ यांना पाठिंबा दिला होता. आणि २३ सप्टेंबरला त्या यादीत आणखी दहा नावे आली, त्यांत क्रूझ यांचे जिवलग सिनेटर माइक ली होते. त्याच दिवशी क्रूझ यांनी पाठिंबा जाहीर केला. मानापमान तसाच राहिला, पण देणेघेणे पुरे झाले.

त्याच वर्षी दुसऱ्या पक्षात काय राहून गेले ते आकड्यांत दिसते. प्रायमरीत हरलेल्या बर्नी सँडर्स यांनी जुलैत डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला, त्यांच्यासाठी सभा घेतल्या. पण अधिवेशनाच्या तोंडावर पक्षकार्यालयाचे ईमेल फुटले आणि तिथले लोक सँडर्स यांच्याविषयी काय बोलत होते ते जगजाहीर झाले. पक्षाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. नंतरच्या एका मोठ्या विद्यापीठीय पाहणीत प्रायमरीत सँडर्स यांना मत देणाऱ्यांपैकी सुमारे १२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेल्याचे दिसले. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तिन्ही राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी सुमारे ७८ हजार मतांची होती. निवडणूक त्यावर फिरली. मात्र दोष सँडर्स यांच्या मतदारांवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. प्रत्येक प्रायमरीनंतर काही मतदार पलीकडे जातातच. आपल्याला मोजलेच नाही ही भावना पुसण्यासाठी वेळेवर काय केले गेले, हा खरा प्रश्न आहे.

२०२० मध्ये हा धडा गिरवला गेला. डेमोक्रॅटिक पक्षात पंचवीसहून अधिक उमेदवार उतरले होते. पहिली वादसभा दोन रात्रींत वाटावी लागली, रोज दहा-दहा जण. आयोवा, न्यू हॅम्पशायर आणि नेव्हाडा या तीन राज्यांनंतर सँडर्स पुढे होते आणि माजी उपाध्यक्ष जो बायडन जवळपास संपल्यात जमा होते. २६ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायनाचे ज्येष्ठ कृष्णवर्णीय नेते जिम क्लायबर्न यांनी बायडन यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि २९ तारखेला बायडन यांना तिथे जवळपास निम्मी मते पडली. पुढचे ७२ तास अमेरिकी राजकारणात विरळा असे होते. १ मार्चला पीट बुटिजेज यांनी माघार घेतली. आयोवात सर्वांत जास्त प्रतिनिधी मिळवलेला हा अडतीस वर्षांचा उमेदवार होता. आणखी दोन दिवसांनी १४ राज्यांत मतदान होते, आणि थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. २ मार्चला एमी क्लोबुशार बाहेर पडल्या, दुसऱ्याच दिवशी त्यांच्या स्वतःच्या मिनेसोटात मतदान असताना. त्याच संध्याकाळी दोघेही डॅलसमध्ये बायडन यांच्या बाजूला उभे होते. ३ मार्चला बायडन यांनी १४ पैकी १० राज्ये जिंकली, त्यांत मिनेसोटाही होते. २०१६ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांना जे महिनोन् महिने जमले नाही ते इथे तीन दिवसांत झाले: आपण नाही तर कोण, याचे उत्तर वेळ असताना देणे.

वेळेवर माघार घेणाऱ्याचा त्याग नेहमी थोडक्यात आटोपला जातो, म्हणून इथे थोडे थांबतो. प्रचार म्हणजे हजारो पोरापोरींनी थंडीत दारोदार केलेली पायपीट असते. त्यांनी नोकऱ्या सोडलेल्या असतात. टपालाने आगाऊ मते पडून गेलेली असतात. त्या सगळ्यांना ‘घरी जा’ सांगणे सोपे नसते.

सँडर्स मात्र शेवटपर्यंत लढणाऱ्यांतले, आणि त्यांच्यामागे तरुणांची मोठी फळी होती. करोनाची साथ आली, सभा थांबल्या. ८ एप्रिलला त्यांनी प्रचार थांबवला आणि १३ तारखेला दोघे आपापल्या घरून एकाच पडद्यावर आले. तिथेच सहा संयुक्त कार्यगटांची घोषणा झाली: हवामान, आरोग्य, शिक्षण, अर्थव्यवस्था, फौजदारी न्याय आणि स्थलांतर. प्रत्येक गटाला दोन्ही बाजूंचा एकेक सहअध्यक्ष. हवामानाच्या गटात बायडन यांच्याकडून जॉन केरी आणि सँडर्स यांच्याकडून तिशीतल्या अलेक्झांड्रिया ओकासियो-कोर्टेझ. आरोग्याच्या गटात विवेक मूर्ती आणि चेन्नईत जन्मलेल्या खासदार प्रमिला जयपाल. एप्रिलअखेर आणखी एक करार झाला, वर्तमानपत्रांत त्याला फार जागा मिळाली नाही. पक्षाच्या नियमानुसार शर्यत सोडणाऱ्याचे काही प्रतिनिधी जिंकणाऱ्याकडे जातात. बायडन यांनी ते सँडर्स यांच्याकडेच राहू दिले. म्हणजे काही शे कार्यकर्त्यांची अधिवेशनातली खुर्ची शाबूत राहिली. १९७२ मध्ये डेली यांच्या माणसांच्या खुर्च्या काढल्या गेल्या होत्या. ४८ वर्षांनी हरलेल्याच्या खुर्च्या राखल्या गेल्या.

जुलैत कार्यगटांचा ११० पानांचा मसुदा आला. सरकारी आरोग्यविमा सर्वांना, ही सँडर्स यांची मुख्य मागणी त्यात नव्हती. ती बायडन यांनी मान्य केली नाही आणि केली असा आवही आणला नाही. पण २०३५ पर्यंत वीजनिर्मिती कार्बनमुक्त करण्याचे उद्दिष्ट त्यात आले आणि आठवडाभरात बायडन यांच्या स्वतःच्या हवामान योजनेतही आले. सगळे मिळाले नाही, पण आपल्या हातचे वाक्य उमेदवाराच्या तोंडी ऐकायला मिळाले.

राहिली कमला हॅरिस यांची गोष्ट. २७ जून २०१९ रोजी, युनिटी गावातल्या त्या सभेला बरोबर अकरा वर्षे होत असताना, मायामीतल्या वादसभेत हॅरिस बायडन यांच्याकडे वळल्या. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकाच शाळेत नेणाऱ्या बसच्या धोरणाला बायडन यांनी सत्तरच्या दशकात विरोध केला होता. कॅलिफोर्नियात अशा बसने शाळेत जाणारी एक लहान मुलगी होती आणि ती मुलगी मी होते, असे त्या म्हणाल्या. बायडन यांना हे अनपेक्षित होते. त्यांचा दिवंगत मुलगा बो आणि हॅरिस हे आपापल्या राज्यांचे महाधिवक्ता असताना स्नेही होते, त्यामुळे घाव जास्तच जिव्हारी लागला. पोटात गुद्दा बसल्यासारखे झाले, असे जिल बायडन पुढे बोलून गेल्या. हॅरिस यांची उमेदवारी डिसेंबरातच संपली. ११ ऑगस्ट २०२० रोजी बायडन यांनी उपाध्यक्षपदासाठी त्यांचीच निवड केली.

त्याच्या दोन आठवडे आधी, २८ जुलैला, बायडन विल्मिंग्टनमध्ये पत्रकारांसमोर आले होते. हातात टिपणांचे एक कार्ड होते. एका वृत्तछायाचित्रकाराने ते टिपले आणि मोठे करून पाहिल्यावर अक्षरे वाचता आली. वर कमला हॅरिस यांचे नाव आणि खाली बायडन यांच्या हातचे पाच मुद्दे. त्या गुणी आहेत, त्यांच्याविषयी फार आदर आहे, त्यांनी माझ्याबरोबर आणि जिलबरोबर प्रचार केला, प्रचाराला त्यांची मोठी मदत झाली, हे त्यांतले चार. यादीत सर्वांत वर लिहिलेला मुद्दा असा होता: मनात अढी धरायची नाही.